पाऊण तोळ्याचे मोल
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा सारांश)



सोने म्हटले की आपल्या घरांत आधी वजन आणि कस विचारतात. आम्ही जुनी नाणी जमवणारी मंडळी आणखी एक प्रश्न विचारतो : असे नाणे आता उरले किती? या प्रश्नाचे महत्त्व अमेरिकेच्या सुरुवातीच्या सोन्याच्या नाण्यांवरून चांगले कळते.

१७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फियाला टांकसाळ आली. १७९५ पासून तिथे १० डॉलरचे ‘ईगल’ आणि ५ डॉलरचे ‘हाफ ईगल’ पडू लागले. हाफ ईगलचे वजन ८.७५ ग्रॅम, म्हणजे आपला पाऊण तोळा; कस २२ कॅरेट. सुरुवातीला त्यावर किंमतही नसे. व्यापारी आकारावरून आणि वजनावरून ते ओळखत.

कायद्याने सोन्याचा भाव चांदीच्या १५ पट धरला होता. युरोपात तो साडेपंधरा पटीच्या आसपास होता. साहजिकच नाणी बोटीने बाहेर गेली आणि वितळली. १८३४ मध्ये सरकारने नाण्यातले सोने कमी केले. आता जुने नाणे चालवण्यापेक्षा मोडण्यात फायदा होता. उरलेल्यांपैकीही पुष्कळ मुशीत गेली.

१८२२ चे हाफ ईगल पाहा. टांकसाळीच्या दप्तरी त्या वर्षी १७,७९६ नाण्यांची नोंद आहे. आज ठाऊक आहेत ती तीन. दोन स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. तिसरे मार्च २०२१ मध्ये लिलावात ८४ लाख डॉलरना गेले. सोने मात्र तेवढेच, पाऊण तोळा!

दुर्मिळतेनंतर आम्ही नाण्याची स्थिती पाहतो. तिला १ ते ७० असे गुण देतात. काही नाण्यांवर कानशीचे बारीक ओरखडे असतात. ते टांकसाळीतच, जादा वजन उतरवताना पडलेले; जाणकार ते समजून घेतात. पण नंतर कुणी चकाकीसाठी नाणे घासले, किंवा कडी लावून गळ्यात घातले, तर किंमत बरीच उतरते. कडी काढून टाक्याची जागा बुजवली, तरी भिंगाखाली ती दिसते.

आपल्याही कपाटांत आजीच्या पुतळ्या असतील, एखादी मोहोर असेल. प्रत्येक नाणे दुर्मिळ असते असे नाही. तरी मोडीत देण्याआधी, घासून लखलखीत करण्याआधी, ते एकदा जाणकाराला दाखवा, एवढीच आमची विनंती. वितळल्यावर सोने हाती राहते, नाणे परत येत नाही.