चॉकलेट डब्यातच राहू द्या

कपडे वाळत घालताना एका माणसाच्या हातून चिमटा पडतो, हात काही पोचत नाही. समोर 18 महिन्यांचं पोर. ते काय करील?

जर्मनीत लायपझिगला फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या संशोधकांनी 24 मुलांसमोर असे प्रसंग घडवले. 22 मुलांनी एकदा तरी मदत केली, आणि तीही बक्षिसाशिवाय. हे 2006 साली प्रसिद्ध झालं. त्यांचंच 2008 मधलं काम जास्त डोळे उघडणारं आहे. मदतीबद्दल ज्यांना खेळणं दिलं, ती 20 महिन्यांची मुलं पुढे कमी मदत करू लागली. ज्यांना नुसती शाबासकी मिळाली किंवा काहीच मिळालं नाही, त्यांची मदत चालूच राहिली.

आणि आपल्याकडे? ‘आजीला पाणी नेऊन दे, मग चॉकलेट देते.’ घरोघरी हेच.

चांगुलपणाचं विरजणासारखं आहे. दूध मुलात असतंच. चमचाभर विरजण लागतं, तेही घरातल्याच कालच्या दह्याचं. दूध कोमट हवं. उकळत्या दुधात, म्हणजे आईबाबांच्या संतापात, ते लागत नाही. लावल्यावर भांडं सारखं हलवून बघायचं नसतं. आणि विरजणाऐवजी साखर घातली तर दूध गोड होईल, दही लागणार नाही. चॉकलेट म्हणजे ती साखर!

आणि विरजण म्हणजे मोठ्यांचं स्वतःचं वागणं. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांचे कपडे धूत, खोल्या आवरत. गुरुजींनाच राबताना पाहिल्यावर कोणतं पोर नुसतं बसून राहील? तिथे लालूच नव्हती, हे पुन्हा सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्यांना ‘शिस्त’ तेवढी ऐकू येते. लालूच नव्हती आणि दमदाटीही नव्हती.

आपली दुसरी खोड, मुलांची लुडबुड हुसकून लावण्याची. दोन वर्षांचं मूल पोळ्या लाटायला येतं, तेव्हा ‘मध्ये मध्ये करू नकोस’ म्हणून त्याला हुसकायचं. तेच बारा वर्षांचं झालं की ‘इकडची काडी तिकडे करत नाही’ म्हणून रडायचं. पीठ सांडतं, खरं आहे. सांडू द्यावं. पण बदल्यात काही देऊ नये. हा मुद्दा तिसऱ्यांदा आला, येऊ दे.

मुलग्यांबद्दल तर बोलायचं राहूनच गेलं. पाहुणे आले की ट्रे मुलीच्या हातात, मुलगा सोफ्यावर. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त पहिल्याच रात्रीची गोष्ट आहे : आजारी आईच्या वतीने वडाला प्रदक्षिणा घालायला श्याम लाजतो, बायकांचं काम म्हणून. आई त्याला पाठवतेच. ही लाज अजून गेलेली नाही, आणि ती मुलांना लागते कुठून, तर बाबांकडूनच.