कमलाबाई, वाटी आणि आमचा हिशेब

(भोर आणि वेल्हे तालुक्यांतील बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला इथं घरगुती बेकरीवर बोलायला सांगितलंय. मार्गासनीच्या ताईंचा फोन आला, म्हणाल्या, नवीन गटांना नानकटाई-बिस्किटांचं काय ते सांगा. मी बरं म्हटलं. रात्री माझी जुनी वही काढली आणि ध्यानात आलं, नानकटाईचं सांगायचं तर आधी कमलाबाई ओगल्यांचं सांगायला पाहिजे. तर तेवढं ऐकून घ्या.

माझं माहेर वेल्ह्यातलं, तोरण्याच्या पायथ्याचं. आता सरकारदरबारी तालुक्याचं नाव राजगड झालंय, आमच्या तोंडात अजून वेल्हंच आहे. मी सातवी शिकले. १९८१ साली लग्न होऊन भोरला आले. सासू, म्हणजे आमच्या आत्याबाई, हाताला फार चव. पण माप विचारलं की उत्तर एकच, "अंदाजानं." मसाला कुटायच्या दिवशी मला नदीवर धुणं घेऊन पाठवायच्या. परत येईतो डबा भरून वर फळीवर. मला वाटायचं, शिकवायचं विसरतात. पुढं कळलं, विसरत नव्हत्या. तेवढी एकच गोष्ट त्या घरात त्यांच्या ताब्यात होती. ती सुनेला दिली तर उरणार काय?

शेजारी शाळेतल्या बाई राहायच्या. त्यांच्याकडे 'रुचिरा' होतं. पुस्तक घरी देत नसत, हळदीचे डाग पडतील म्हणून. आधीच पडलेले होते, ती गोष्ट वेगळी. पण म्हणाल्या, दुपारी येऊन बस आणि उतरवून घे. मी शंभर पानी वही आणली आणि रोज दुपारी, आत्याबाई आडव्या झाल्या की, अर्धा तास जाऊन लिहायची. शाळा सुटल्यावर हातात पेन्सिल धरली ती तेव्हा पहिल्यांदा.

त्यात काय होतं की मी एवढी हरखले? वाटी होती. ग्रॅम नाही, औंस नाही. एक वाटी, अर्धी वाटी, दोन चमचे. माझ्या घरात तराजू नव्हता, वाटी होती. म्हणजे हे पुस्तक माझ्या घरात काय आहे आणि काय नाही हे बघून लिहिलंय, असं मला वाटलं. आजवर माझ्यासाठी म्हणून कुणी काही लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. शाळेच्या पुस्तकात कमल बघ, छगन बघ एवढंच.

बाईंनीच सांगितलं, या कमलाबाईसुद्धा चौथीपर्यंतच शिकलेल्या. जन्म १९१३चा, कुंडलचा. पत्री सरकारच्या गोष्टींत ऐकतो ते कुंडल. लग्न होऊन सांगलीला आल्या आणि स्वयंपाक शिकल्या तो सासूच्या हाताखाली. १९७० साली किर्लोस्करांनी त्यांचं पुस्तक काढलं. 'स्त्री' मासिक ज्यांचं, तेच किर्लोस्कर. लाखावर प्रती खपल्या. १९९९ साली त्या गेल्या, तेव्हा मी पुण्याहून आप्पा बळवंत चौकातून माझी स्वतःची प्रत आणलेली होती.

चौथी शिकलेल्या बाईनं पुस्तक लिहिलं, हे माझ्या डोक्यात घट्ट बसलं. मी तर सातवी होते!

त्यांना कौतुकानं 'सव्वा लाख सुनांची एकच सासू' म्हणायचे. मला हे नाव कधी आवडलं नाही. मोठ्या बाईला मोठं म्हणायचं तर सासूच करायची का? पण पुष्कळ वर्षांनी विचार केला तेव्हा वाटलं, त्यात एक खरी गोष्ट आहे, फक्त उलटी. सासूकडून मिळालेली विद्या त्यांनी फळीवर ठेवली नाही. ओळख ना पाळख अशा बायकांना वाटून टाकली. भोर-वेल्ह्यातून लग्न होऊन मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत गेलेल्या आमच्या कितीतरी पोरी. नवरा गोदीत नाही तर माथाडीत, विचारायला बाईमाणूस नाही. त्यांनी डाळ किती शिजवायची हे कुणाला विचारायचं? माझ्या नणंदेनं माझ्या वहीवरून दुसरी वही केली. तिच्या चाळीत तिसरी झाली. सव्वा लाखात या वह्या धरलेल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र सांगते. त्या वहीत मी माहेरचा एकही पदार्थ लिहिला नाही. पावसाळ्यात ओढ्याच्या खेकड्यांचा रस्सा, तेऱ्याची भाजी, नाचणीची आंबील, वरईचा भात. पुस्तकात आहेत का हेसुद्धा शोधलं नाही, कारण हे लिहिण्यासारखं असतं हेच मला माहीत नव्हतं. जे डोंगरातल्या बायका करतात ते पोट भरणं आणि जे पुस्तकात येतं तो स्वयंपाक, असं माझ्या मनानं परस्पर ठरवून टाकलं होतं. हा दोष कमलाबाईंचा नाही. पण हे असं का वाटतं, कुणाचं स्वयंपाकघर पुस्तकात जातं आणि कुणाचं जात नाही, याचा विचार आपण बायकांनी करायला पाहिजे.

आता नानकटाई. तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्या बायकांना आठवत असेल, दिवाळीच्या आधी सामान घेऊन बेकरीत जायचं. घरी ओव्हन कुणाकडं होता? डालडा आणि पिठीसाखर परातीत घेऊन तळहातानं फेसायची. पांढरं, हलकं होईतो. हात भरून यायचा. थेंबभर पाण्यात टाकून बघायचं. तरंगला तर झालं, बुडाला तर पुन्हा फेसा. मग मैदा, थोडा रवा, थोडं बेसन, चिमटीभर सोडा, जायफळ. बेकरीवाला पत्रे द्यायचा, आपण गोळे मांडायचे, मधे जागा सोडून, आणि पत्र्यावर आपली खूण. कुणी बदामाचा काप लावायची, कुणी चारोळी. मी अंगठा दाबायची. खुणा बदलल्या की भांडणं. रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत भट्टीसमोर बायकांची ओळ, थंडीत तेवढीच ऊब. घरच्या माणसांनी बायकांना एवढ्या रात्रीपर्यंत बाहेर बसू दिलं असा वर्षातला तो एकच दिवस. आम्ही तिथं काय काय बोललो! पहिलं महिला मंडळ आमचं तिथंच झालं म्हणा ना.

मग मी घरी वाळूवर केक केला. नीरेतली वाळू चाळून, धुऊन, वाळवून जाड कढईत घातली, वर डबा, वर घट्ट झाकण, खाली रॉकेलचा स्टो. पहिला केक खालून कोळसा आणि वरून पातळ. दुसरा बरा. सहाव्याला आत्याबाईंनी न बोलता दुसरा तुकडा घेतला. पुस्तक वाचून कुठं भाकरी थापता येते का, असं म्हणणाऱ्या आत्याबाई पुढं मला दुपारी म्हणायच्या, "वाच गं जरा तुझ्या त्या बाईचं." डोळे मिटून ऐकायच्या आणि मधेच, "हे चुकलंय, एवढं तेल कशाला." मग मी विचारायची, "तुम्ही किती घालता?" आणि त्या सांगायच्या! वाटीनं सांगायच्या. अशा रीतीनं मला मसाल्याचं माप मिळालं.

आता गटाचं सांगते. कोविडनंतर वेल्ह्याच्या आमच्या सात जणींनी नाचणीची बिस्किटं सुरू केली. २०२३ हे भरडधान्य वर्ष होतं, सगळीकडे नाचणी-नाचणी चाललेलं. नाचणीला चिकटपणा नाही, नुसत्या नाचणीचं बिस्किट हातात मोडतं. दोन वाट्या नाचणीला एक वाटी कणीक घातली की जमतं. नाचणी आधी मंद भाजायची, नाहीतर कच्चट लागते. साखरेऐवजी गूळ घातला तर भाजताना डोळा हवा, गूळ लवकर करपतो. आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. एकदा चार पत्रे आत असताना गेली ती रात्री आली. ती बिस्किटं आठवडाभर आमची पोरं चहात बुडवून खात होती.

राजगड-तोरण्याला पुण्याची मंडळी शनिवार-रविवारी येतात. वाटेवरच्या दुकानात आम्ही पाकिटं ठेवली. साठ रुपये. खपायला लागली. आम्ही खूष. वर्षानं आमच्यातली सगळ्यात धाकटी, बारावी झालेली, वही घेऊन बसली. एका खेपेला सोळा पाकिटं. तूप, गूळ, पीठ, लाइट, पिशव्या, एसटी, सगळं मिळून ८९६ रुपये. म्हणजे पाकिटाला ५६. सुटतात चार. सोळा पाकिटांचे ६४. तीन बायका, चार-चार तास, म्हणजे १२ तास. तिनं भागाकार केला आणि वही माझ्यापुढं सरकवली. तासाला पाच रुपये तेहतीस पैसे.

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "अगं, घरच्या घरी तर करतो आपण. वेळ कसला धरायचा?"

मी! वीस वर्षं मोर्चाला जाणारी, घरकामाला मोल द्या म्हणून घोषणा देणारी. पोरगी म्हणाली, "मावशी, लावणीला जाता तेव्हा तीनशे रुपये मागून घेता ना?" त्या रात्री मी वही पुन्हा चाळली. माझ्या अक्षरात सगळं होतं, वाट्या, चमचे, चिमूट. फेसायला किती वेळ, निवडायला किती, भांडी घासायला किती, यातलं काहीच मी कधी टिपून ठेवलं नव्हतं.

सरकारनं २०१९ साली लोकांचा वेळ कुठं जातो याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. २०२४ साली पुन्हा केली. बायका २८९, पुरुष ८८. आमची दहा मिनिटं वाचली, तर त्यांनी पण नऊ वाचवून घेतली.

गटात भांडण झालं. दोघी म्हणाल्या, भाव वाढवला तर दुकानदार घेणार नाही. मी त्यांना लिज्जतचं सांगितलं, १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तशी एक फटकन म्हणाली, "ते मुंबईला. इथं कोण विचारतंय?" तिचं अगदीच खोटं नव्हतं. शेवटी लावणीचाच दर धरला, तासाला ४० रुपये. १२ तासांचे ४८०, पाकिटाला ३०. त्या दोघींपैकी एक गट सोडून गेली, अजून परत आलेली नाही. दुकानदार आठवड्याला चाळीस पाकिटं घ्यायचा, आता पंचवीस घेतो. भोरात काही घरी थेट जातात.

आता आम्ही वहीत प्रत्येक पदार्थाखाली एक ओळ जास्तीची लिहितो. जिन्नस, कृती, आणि बाईचे तास. तेऱ्याची भाजी लिहून झाली, खेकड्याचा रस्सा लिहिला. आंबिलीचं माप अजून जमत नाही, माझी आई म्हणते, अंदाजानं. तिच्याजवळ वाटी घेऊन बसायचंय, ती ब्याऐंशीची आहे.

बिस्किटं मागच्या टेबलावर ठेवलीत, चहाबरोबर घ्या. चवीची फुकट. पाकीट नव्वद रुपयांना. कुणाला महाग वाटलं तर शेजारी वही उघडी ठेवलीय, हिशेब बघा आणि चुकला असेल तर मला येऊन सांगा.