ग्राफिक्स कार्ड घेण्यापूर्वी
(पालक मेळाव्यातील भाषण)



तालीमचे महत्त्व ह्या व्यासपीठावरून आपण अनेकदा ऐकले आहे. आज मी तालीमसाठी लागणाऱ्या एका लहानशा वस्तूविषयी आणि तिच्यापायी वाया जाणाऱ्या पैशाविषयी बोलणार आहे.

नांदेडचे श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली सुरू झाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९८२ मध्ये, अमेरिकेत ऑटोकॅड बाजारात आले. त्या काळी नकाशा ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर लावून काढीत. आज तो संगणकाच्या पडद्यावर काढतात. म्हणून ज्यांची मुलगी आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन अभ्यासक्रम किंवा मुलगा अभियांत्रिकीची पदविका करीत आहे, त्यांच्या घरी संगणकाचा विषय निघतोच. दुकानदार विचारतो, “ग्राफिक्स कार्ड कोणते टाकू?” आणि बाप म्हणतो, “चांगले टाका.” सोयाबीनची पट्टी किंवा मजुरीतून साठवलेली रक्कम ह्या दोन शब्दांत निघून जाते.

आपल्यात गवंडीकाम जाणणारे पुष्कळ आहेत. घर बांधताना चांगला मिस्त्री प्रथम विचारतो, “वर किती मजले चढवायचे?” त्यावरून तो सळई ठरवतो. तोच प्रश्न येथे विचारा: मुलाला काम कोणते करायचे आहे?

घराचा प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन असे सपाट नकाशे काढायचे असतील तर मुख्य भार प्रोसेसरवर पडतो. ग्राफिक्सचे काम चित्र पडद्यावर उमटवण्याचे. ऑटोकॅडच्या २०२४ च्या आवृत्तीसाठी कंपनीने ग्राफिक्सची किमान गरज सांगितली आहे ती अशी: २ जीबी मेमरी आणि सेकंदाला २९ जीबी माहिती वाहून नेण्याची क्षमता. येथे आकडे दोन आहेत. आपण पहिलाच वाचतो आणि फसतो तो दुसऱ्यात.

उदाहरण देतो. जीटी १०३० नावाचे एक स्वस्त कार्ड २०१७ मध्ये आले. २०१८ मध्ये त्याच नावाने दुसऱ्या जातीची मेमरी लावलेले कार्ड निघाले. दोहोंवर २ जीबीच लिहिलेले. परंतु जीडीडीआर५ मेमरीचे कार्ड सेकंदाला ४८ जीबी वाहते आणि डीडीआर४ चे जेमतेम १७. म्हणजे नाव एक, जीबी तेवढेच, पण दुसरे कार्ड किमान गरजेलाही उतरत नाही. डबी हाती घ्या आणि मेमरीची जात वाचा.

कित्येकदा वेगळ्या कार्डाची गरजच नसते. अलीकडच्या बऱ्याच प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असते आणि ते संगणकाची रॅम वापरते. डीडीआर४-३२०० जातीची ८ जीबीची एकच पट्टी असेल तर वहनक्षमता २५.६ जीबी भरते. तशाच दोन पट्ट्या दोन वाहिन्यांत बसवल्या तर ५१.२. म्हणून शिकाऊ विद्यार्थ्याने प्रथम रॅमची दुसरी पट्टी आणि एसएसडी घ्यावी. नकाशा सुखाने चालला तर कार्डाचे पैसे वाचले.

रेव्हिटमध्ये इमारतीचे संपूर्ण त्रिमिती मॉडेल करायचे असेल तर मात्र निदान ४ जीबीचे वेगळे कार्ड घ्यावे. यंत्रभागांसाठी सॉलिडवर्क्स शिकणाऱ्यांनी त्या कंपनीने पसंत केलेल्या कार्डांची यादी पाहूनच बाजारात जावे. खेळासाठी गाजलेले महाग कार्ड त्या यादीत असेलच असे नाही.

जुना कचेरीतला संगणक घेणाऱ्यांना एक सूचना. त्याचे कॅबिनेट बहुधा अरुंद आणि वीजपुरवठा बेताचा असतो. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात. त्याहून अधिक मागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून वेगळी तार लागते. ती आहे काय, आणि कार्ड आत मावेल काय, हे आधी पाहा.

सॉफ्टवेअरची चोरीची प्रत घेऊ नका. मान्य संस्थेतील विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क एक वर्षाचा परवाना मोफत देते आणि शिक्षण चालू असेतो तो पुन्हा मिळतो. मात्र त्यावर पैसे घेऊन काम करता येत नाही. कमाई हलाल असावी असे आपण म्हणतो; तिची सुरुवात येथूनच होते. फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर तर सर्वांनाच विनामूल्य आहे.

आणि मुलींच्या पालकांना माझी खास विनंती आहे. “एवढा खर्च मुलीवर कशाला?” असे म्हणून संगणकच नाकारू नका. योग्य हिशेबाने घेतलेला साधा संगणक पुरतो, आणि हाती हुनर असले तर घरी बसूनही नकाशाचे काम करता येते.

फिजूलखर्ची आपल्या दीनला मंजूर नाही, तशीच अज्ञानावर समाधान मानणेही नाही. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि एका कागदावर लिहून घ्या: काम कोणते, सॉफ्टवेअर कोणते, त्याची किमान गरज किती. तो कागद दुकानदारापुढे ठेवा. “चांगले टाका” म्हणण्याची वेळ येणार नाही.