टायमिंग बेल्ट : आधी हाताने फिरवा, मग चावी लावा



‘घरच्या घरी दुरुस्ती’ या विषयावर बोल, असं सांगितल्यावर मी मुद्दाम गाडीचा टायमिंग बेल्ट निवडला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पहिली गाडी येते ती सेकंडहँड. किलोमीटर दिसतात, रंग दिसतो, टायर दिसतात. बेल्ट मात्र झाकणाआड असतो. तो कधी बदलला याची पावती नसेल, तर बदललेलाच नाही असं समजून चालावं.

हा दातेरी रबरी पट्टा करतो काय? खाली क्रँकशाफ्ट पिस्टन वरखाली करतो, वर कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी व्हायला हवी. हा हिशेब बेल्ट सांभाळतो. मिनिटाला ३००० फेरे असतील, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. बऱ्याच इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकच जागा वापरतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. बेल्ट तुटला की वेळ चुकते, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. साखळी झिजली की बहुतेकदा खडखडते. बेल्ट अनेकदा काहीच न सांगता जातो.

१९६२च्या जर्मन ग्लास १००४ या गाडीपासून बेल्ट मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या मोटारींत आला. सगळ्याच गाड्यांना तो नसतो. मारुती ८००ला बेल्ट होता, स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेलला साखळी, तर डस्टरच्या १.५ लिटर डिझेलला बेल्ट. म्हणून पहिलं हत्यार म्हणजे आपल्याच इंजिनाचं मॅन्युअल. त्यात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. जे आधी भरेल ते धरायचं. उभ्या गाडीतलं रबरही म्हातारं होतं.

आता काम. सपाट जागा, थंड इंजिन, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, मागच्या चाकांना अडण. गाडी जॅकने उचलायची, पण टेकवायची स्टँडवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही. बेल्टच्या बाजूचं चाक काढा. तिथला इंजिन माउंट काढावा लागत असेल, तर आधी इंजिनाला खालून लाकडी फळी ठेवून आधार द्या. स्पार्क प्लग काढले की इंजिन हाताने सहज फिरतं.

क्रँकच्या बोल्टला पाना लावून पहिला सिलिंडर वर आणा. क्रँक आणि कॅम दोन्हींच्या खुणा जुळल्या की फोटो काढा, मगच जुना बेल्ट सोडा. बेल्ट नसताना कॅम किंवा क्रँक फिरवू नका. टेन्शनर आणि आयडलर त्याच वेळी बदला. वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. ऑइल गळत असेल तर आधी सील बदला. तेलाने नवा बेल्टही खराब होतो. बेल्टची ताणलेली बाजू घट्ट ठेवा, ढील टेन्शनरकडे येऊ द्या. बोल्ट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यानुसारच आवळा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं. चावी लावायची नाही. इंजिन नेहमी फिरतं त्याच दिशेने क्रँक हाताने पूर्ण दोनदा फिरवायचा आणि कॅम-क्रँकच्या खुणा पुन्हा पाहायच्या. बेल्टवर छापलेल्या रेषा आता जुळणार नाहीत. त्याने घाबरू नका, चाकांवरच्या खुणा बघा. क्रँकच्या चाकाला २० दात धरले, तर एका दाताची चूक म्हणजे १८ अंश. मधेच काही कडक अडलं तर जोर लावू नका, बेल्ट काढून पुन्हा बसवा. आमच्या कोडमध्ये चूक झाली तर कालची आवृत्ती परत आणता येते. वाकलेला व्हॉल्व्ह परत सरळ होत नाही.

हे प्रत्येकाने घरी करावंच असं मी म्हणत नाही. काही डिझेल इंजिनांत शाफ्ट खास पिनांनी रोखावे लागतात. त्या पिना, स्टँड किंवा टॉर्क पाना नसेल, तर काम मेकॅनिकला द्या. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं शिकलेल्या त्या माणसाला आपल्या डिग्रीएवढाच मान द्या, आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. पण जुना बेल्ट मागून घ्या. ‘दोन फेऱ्या फिरवून पाहिल्या का?’ हेही विचारा. चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही, कारण तो स्वतःचं कामही तपासूनच देतो.

शेवटी, बदलल्याची तारीख आणि किलोमीटर कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा. उद्या ही गाडी आपल्यासारख्याच एखाद्या घरात जाईल. त्यांना अंदाजावर गाडी चालवावी लागू नये.