मांजराचा थांबलेला श्वास
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी मांजराविषयी बोलणार हे कळल्यावर काहीजणींना हसू आले. हसा खुशाल. पण आपल्या हर्सूलमध्ये पाणी साठवायला घरोघर हौद, आणि घरोघर मांजर.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींचे पिल्लू हौदात पडले. बाहेर काढले तेव्हा श्वास नव्हता. कुणी मागचे पाय धरून गरगर फिरवले, कुणी नाकाशी कांदा धरला. मी नुसती हात चोळत उभी राहिले. पिल्लू गेले. पुढे पशुवैद्यांना विचारले, तेव्हा कळले की मोलाची मिनिटे आम्ही फुकट घालवली.

त्यांनी शिकवले ते सांगते. मांजर हाकेला, स्पर्शाला हलत नाही आणि छाती वरखाली होत नाही, तर नाडी शोधत बसू नये. मधूनच आचका येतो, तो श्वास नव्हे. मांजर कुशीवर निजवावे. पुढच्या पायाचे कोपर छातीला टेकते तिथे हृदय. एका हाताने छाती धरावी, अंगठा एका बाजूला, बोटे दुसऱ्या. तिची जाडी तिसऱ्या हिश्शाने तरी कमी होईल इतके दाबावे आणि लगेच पुरते सोडावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा. ३० दाब झाले की तोंड मिटून, मान सरळ करून नाकात दोन हलक्या फुंकरी. छाती उचलली की पुरे. विष खाल्ल्याचा संशय असेल तर फुंकर नको, नुसते दाबावे. दर दोन मिनिटांनी हात बदलावा. दुसरीने तोवर रिक्षा आणावी. श्वास चालू असलेल्या मांजरावर मात्र हा प्रयोग कधी करू नये.

पशुवैद्यांनी पुरावे तपासून हे नियम २०१२ साली केले, २०२४ साली सुधारले. तरी खोटी आशा मी लावणार नाही. दवाखान्यातसुद्धा अशी मांजरे थोडीच वाचतात. भुलेखाली हृदय थांबलेली त्या मानाने अधिक वाचतात, कारण प्राणवायू आणि औषध हाताशी असते.

आणि श्वास परत आला म्हणजे झाले, असेही नाही. हृदय पुन्हा थांबू शकते, म्हणून उठून बसले तरी दवाखाना गाठावाच. शेगडीजवळ धरू नये, सैल फडक्यात गुंडाळावे. पुरती शुद्ध येईतो दूध पाजू नये. ते श्वासनळीत जाते. काहींना पुढे दिसेनासे होते, तोल जातो. अशांना एकाच खोलीत, सामान न हलवता ठेवावे. पुष्कळांची दृष्टी परत येते.

वहिनींनी हौदावर आता जाळी बसवली आहे. मी कापसाचे मांजर शिवून आणले आहे. चहा झाल्यावर ज्यांना हात बसवून पाहायचा असेल, त्यांनी पुढे यावे.