निवडणारा प्रशिक्षक, घडवणारा प्रशिक्षक

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय अमेरिकेतला आहे आणि खेळही आपल्या मैदानांवरचा नाही. पण त्याच्या पोटात जो प्रश्न आहे तो शिक्षणाचा आहे, म्हणून तो या व्यासपीठावर मांडावासा वाटला. एखाद्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ वर्षानुवर्षं हरत राहतो. प्रेक्षक पाठ फिरवतात, देणगीदार कुरकुरू लागतात. मग विद्यापीठ व्यावसायिक लीगमधल्या एखाद्या माजी मुख्य प्रशिक्षकाला बोलावून आणतं. कधी त्यातून संघाचा कायापालट होतो, तर कधी पैसा आणि वर्षं दोन्ही खर्ची पडून संघ होता तिथेच राहतो. हा फरक कशामुळे पडतो, हे आज आपण पाहू.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याचा, फेकण्याचा, अकरा-अकरा जणांचा खेळ. विद्यापीठांचे सामने शनिवारी होतात आणि मोठ्या विद्यापीठांच्या स्टेडियममध्ये साठ हजारांपासून लाखापर्यंत माणसं बसतात. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी जोडलेल्या नोकरदारांमध्ये सर्वांत जास्त पगार राज्यपालांना नाही, कुलगुरूंनाही नाही, तर विद्यापीठाच्या फुटबॉल प्रशिक्षकाला मिळतो. व्यावसायिक खेळ चालतो तो एनएफएल या लीगमध्ये. तिथे ३२ संघ आहेत.

या दोन जगांत प्रशिक्षकाचं कामच वेगळं आहे. एनएफएलमध्ये दरवर्षी सात फेऱ्यांचा ड्राफ्ट होतो. आदल्या वर्षी जो संघ तळाला असतो, त्याला निवडीचा पहिला मान मिळतो. निवडलेल्या खेळाडूला त्या संघाकडेच जावं लागतं. ५३ जणांच्या चमूत जो कमी पडतो त्याला मोकळं करता येतं, त्याच्या जागी दुसरा आणता येतो. खेळाडू जाणते असतात, खेळ हेच त्यांचं पोट असतं आणि सारा दिवस प्रशिक्षकाच्या हाताशी असतो.

विद्यापीठात ड्राफ्ट नाही. सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन, त्याच्या आईवडिलांसमोर बसून, ‘तुमचा मुलगा आमच्याकडे द्या’ असं प्रशिक्षकाला स्वतः म्हणावं लागतं. त्याच आठवड्यात आणखी चार नामांकित प्रशिक्षक त्याच दिवाणखान्यात येऊन गेलेले असतात. मुलगा आला, तरी हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव घ्यायला नियमाने मनाई आहे. पाच वर्षांत चार हंगाम खेळून तो निघून जातो. म्हणजे प्रशिक्षकाला दरवर्षी नवी मुलं मिळवायची असतात आणि हाती आलेल्यांना मोजक्या वेळात तयार करायचं असतं. एनएफएलच्या प्रशिक्षकाचं निम्मं यश निवडीत असतं. विद्यापीठाच्या प्रशिक्षकाचं यश बहुतांशी घडणीत असतं. आजच्या व्याख्यानाचा सगळा भर या एका वाक्यावर आहे.

आता लॉस एंजेलिसला जाऊ. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, म्हणजे यूएससी. या सभागृहातल्या काहींची मुलं-नातवंडं तिथे शिकलीही असतील. या विद्यापीठाची फुटबॉलची परंपरा फार मोठी आहे. सर्वोत्तम विद्यार्थी खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी तिथल्या चौघांनी १९८१ पर्यंत जिंकली होती. पण राष्ट्रीय विजेतेपद १९७८ नंतर आलं नव्हतं. २००० साली संघाने ५ सामने जिंकले, ७ गमावले. प्रशिक्षक पॉल हॅकेट यांना नारळ मिळाला.

नव्या माणसाचा शोध माइक गॅरेट यांच्याकडे होता. ते विद्यापीठाचे क्रीडा संचालक आणि १९६५चे हाइझमन विजेते. त्यांनी आधी डेनिस एरिक्सन, माइक बेलॉटी आणि माइक रायली यांच्याकडे विचारणा केली, पण तिथे काही जमलं नाही. १५ डिसेंबर २००० रोजी जाहीर झालेलं नाव होतं पीट कॅरल. कॅरल यांना एनएफएलने दोनदा घरी बसवलं होतं. न्यूयॉर्क जेट्सने १९९४च्या एकाच हंगामानंतर, ६ विजय आणि १० पराभवांवर. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने १९९९ नंतर, जरी तिथल्या तीन वर्षांत त्यांनी २७ सामने जिंकून २१ गमावले होते तरी. त्या वर्षांत त्यांचा आलेख १०, ९, ८ विजय असा उतरता गेला होता. विद्यापीठ संघाचं मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी कधीच सांभाळलं नव्हतं. यूएससीशी त्यांचं नातं होतं ते मुलीमुळे. ती तिथे व्हॉलीबॉल खेळत होती. नाव जाहीर होताच क्रीडा विभागाचे फोन आणि फॅक्स निषेधाने वाहू लागले. चौथ्या पसंतीचा आणि दोनदा काढलेला माणूस आमच्या गळ्यात का मारता, असा माजी विद्यार्थ्यांचा सवाल होता.

सुरुवातही त्या सवालाला बळ देणारी झाली. २००१च्या पहिल्या सातपैकी पाच सामने हरले. कॅन्सस स्टेटकडून १०–६, ऑरेगनकडून २४–२२, स्टॅनफर्डकडून २१–१६, वॉशिंग्टनकडून २७–२४. या चारांत एकही पराभव पाच गुणांहून मोठा नव्हता, पण गुणतक्त्यात पराभवाचं अंतर कोणी मोजत नाही. त्यानंतर संघ सलग चार सामने जिंकला आणि त्यातला शेवटचा विजय शेजारच्या यूसीएलएवर २७–० असा होता. अखेरचा सामना गमावून हंगाम ६ विजय आणि ६ पराभवांवर संपला.

इथे आपण क्षणभर थांबून एकाच मुलाकडे नीट पाहू. कार्सन पामर हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू कोणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत ठरवणारा खेळाडू. त्याला आणलं होतं हॅकेट यांनी. त्याचा हात विलक्षण होता आणि लोकांची अपेक्षाही तेवढीच मोठी. २००० साली त्याच्या १८ फेकी प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेल्या. व्यावसायिक संघात अशा खेळाडूची जागा दुसऱ्याला मिळाली असती. कॅरल यांनी त्याला ठेवलं आणि आक्रमणाची जबाबदारी नॉर्म चाव या अनुभवी विद्यापीठीय प्रशिक्षकाकडे दिली. चाव यांनी पामरला उत्तरं कमी दिली आणि क्रम पक्का करून दिला: आधी कुठे पाहायचं, तिथे वाट बंद असेल तर कुठे, आणि कधी चेंडू मैदानाबाहेर टाकून गप्प बसायचं. २००१ मध्ये परक्या हाती गेलेल्या फेकी १२ वर आल्या, २००२ मध्ये १० वर. त्याच वर्षी त्याच्या फेकींतून ३३ टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्टीत नेऊन गुण मिळवण्याच्या चाली, झाले, संघ ११–२ असा खेळला आणि पामरला हाइझमन मिळाली. पुढच्या वर्षीच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये तो सर्वांत पहिला निवडला गेला.

त्याच संघात ट्रॉय पोलामालू हा सेफ्टी होता, बचावाच्या शेवटच्या फळीतला. तोही आधीच्या राजवटीत आलेला. कॅरल स्वतः कॉलेजात याच जागी खेळलेले आणि हीच जागा आयुष्यभर शिकवत आलेले. पोलामालू पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. म्हणजे कॅरल यांचं पहिलं मोठं यश त्यांनी निवडलेल्या मुलांचं नव्हतं. वारशाने हाती आलेल्या मुलांचं होतं.

सरावाची पद्धत पाहिली की हे का घडलं ते कळतं. आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला ठरलेला विषय असे. सोमवारी मागच्या सामन्यातल्या चुका सगळ्यांसमोर, आडपडदा न ठेवता. मंगळवारी संघातल्या संघात स्पर्धा, पहिल्या फळीचं आक्रमण विरुद्ध पहिल्या फळीचा बचाव. बुधवारी चेंडू न गमावण्याचा आणि हिसकावण्याचा अभ्यास. सराव लोकांना पाहायला खुला असे आणि पन्नाशीचे कॅरल मुलांबरोबर धावत, चेंडू फेकत. जागा कोणाची कायमची नव्हती. पहिल्या वर्षाच्या मुलालाही ती मंगळवारी जिंकता येई. हे समजल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियातल्या शाळांमधली उत्तम मुलं यूएससीकडे वळली. २००३ ते २००५ या काळात संघाने सलग ३४ सामने जिंकले. २००२ पासून सलग सात वर्षं प्रादेशिक स्पर्धेचं विजेतेपद यूएससीकडे राहिलं. २००५ साली घरच्या सामन्यांना सरासरी ९०,००० हून अधिक प्रेक्षक आले.

सगळं श्रेय एकट्या कॅरल यांना देणं मात्र न्यायाचं होणार नाही. दक्षिण कॅलिफोर्नियाची शाळकरी फुटबॉलची जमीन मुळातच सुपीक आहे. शिवाय १९९४च्या हंगामानंतर रॅम्स आणि रेडर्स हे दोन्ही व्यावसायिक संघ शहर सोडून गेले होते आणि २०१६ पर्यंत लॉस एंजेलिसमध्ये एनएफएलचा संघच नव्हता. एवढ्या मोठ्या शहराचं फुटबॉलप्रेम एका विद्यापीठाकडे वळलं. प्रशिक्षक चांगला असावा लागतो, आणि त्याच्या पायाखालची जमीनही.

ही जमीन नसली तर काय होतं, ते इलिनॉय विद्यापीठाने अनुभवलं. मार्च २०१६ मध्ये त्यांनी लव्ही स्मिथ यांना आणलं. स्मिथ यांनी शिकागो बेअर्स या एनएफएल संघाला सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं. माणूस शांत, सज्जन, सर्वांच्या आदराचा. पाच हंगामांत १७ विजय आणि ३९ पराभव झाले, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना निरोप देण्यात आला. त्यांच्या जागी आलेले ब्रेट बिलेमा मुख्यतः विद्यापीठांमध्ये वाढलेले, विस्कॉन्सिन आणि आर्कन्सॉ इथे मुख्य प्रशिक्षक राहिलेले. त्यांच्या हाताखाली इलिनॉयने २०२४ मध्ये १० सामने जिंकले.

स्टॅनफर्डच्या बिल वॉल्श यांचं उदाहरण याहून जास्त शिकवणारं आहे. शिक्षक म्हणून या खेळात त्यांचा हात धरणारे फार थोडे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एनएफएल संघाबरोबर तीन सुपर बोल जिंकून ते १९९२ मध्ये आपल्या जुन्या विद्यापीठात परतले. पहिल्या वर्षी १०–३. पुढची दोन वर्षं मात्र चार आणि तीनच विजय. स्टॅनफर्डची प्रवेशाची चाळणी बारीक, त्यामुळे मुळात मिळू शकणारी मुलंच मोजकी. हाताशी असलेल्यांना उत्तम शिकवूनही पुढच्या तुकड्या तितक्याच ताकदीच्या आल्या नाहीत, तर संघ टिकत नाही, असं मी यातून समजतो.

अगदी अलीकडचं उदाहरण बिल बेलिचिक यांचं. न्यू इंग्लंडमध्ये कॅरल यांच्या जागी आलेले तेच, सहा सुपर बोल जिंकणारे. ११ डिसेंबर २०२४ रोजी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने वर्षाला एक कोटी डॉलरच्या करारावर त्यांना नेमलं. त्यांचे वडील १९५०च्या दशकात याच विद्यापीठात सहायक प्रशिक्षक होते. पण १ सप्टेंबर २०२५ च्या पहिल्याच सामन्यात टीसीयू या विद्यापीठाने नॉर्थ कॅरोलायनाच्या घरच्या मैदानावर येऊन ४८–१४ असा धुव्वा उडवला आणि हंगाम ४–८ असा संपला. पहिल्या वर्षावरून कोणाचाही निकाल लावू नये, कॅरल यांचंही पहिलं वर्ष साधारणच होतं. लक्षात घ्यायचं ते एवढंच की सहा विजेतेपदांनी शनिवारच्या मैदानावर एकही गुण आपोआप मिळत नाही.

काळही बदलला आहे. जुलै २०२१ पासून विद्यार्थी खेळाडू आपल्या नावावर पैसे मिळवू शकतात, २०२५ पासून विद्यापीठं त्यांना थेट वाटा देऊ लागली, आणि एक विद्यापीठ सोडून दुसरीकडे जाणं सोपं झालं. मग आता हे एनएफएलसारखंच झालं, व्यावसायिक प्रशिक्षकच योग्य, असं म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. मुलाच्या खात्यात पैसे आले म्हणून तो विशीच्या आतला राहत नाही असं नाही. घरापासून दूर, पहिल्यांदाच नापास होण्याची, पहिल्यांदाच बाकावर बसण्याची वेळ त्याच्यावर येतेच. उलट तो आता सहज निघून जाऊ शकतो, म्हणून त्याला धरून ठेवणारा शिक्षक अधिक लागतो.

यूएससीच्या कथेची दुसरी बाजू लपवून मी खाली बसणार नाही. रेजी बुश या खेळाडूच्या कुटुंबाने भावी एजंटांकडून नियमबाह्य लाभ घेतल्याचं चौकशीत ठरलं. जून २०१० मध्ये एनसीएए या नियामक संस्थेने संघाला दोन वर्षं हंगामोत्तर सामन्यांतून बाद केलं, ३० शिष्यवृत्त्या काढून घेतल्या, १४ विजय पुसून टाकले. कॅरल त्याआधीच, जानेवारीत, सिॲटलच्या एनएफएल संघाकडे गेले होते. शिक्षा भोगली ती मागे राहिलेल्या मुलांनी, ज्यांतली बरीचशी त्या प्रकाराच्या वेळी शाळेत होती. विद्यार्थी खेळाडूंनी पैसे मिळवणं आज नियमात बसतं, त्याची परत केलेली हाइझमनही २०२४ मध्ये त्याला पुन्हा मिळाली. पण संस्थेने डोळे मिटले की किंमत कोण मोजतं, हे त्यातून पुसलं जात नाही. विजय येऊ लागले की देखरेख सैल होते, आणि तीच वेळ ती आवळण्याची असते.

तेव्हा निवड समितीत बसणाऱ्यांना माझं सांगणं असं. उमेदवाराच्या कपाटातली विजेतेपदं पाहाच, पण ती शेवटी पाहा. आधी विचारा की जी मुलं यांनी निवडली नव्हती, जी यांच्या पदरात आपसूक पडली, त्यांचं यांच्या हाताखाली काय झालं? मग विचारा की पुढची दहा वर्षं, दर हिवाळ्यात, अनोळखी घरांत जाऊन मूल मागायची यांची तयारी आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शिकवण्याची ताकद दाखवतं, दुसऱ्याचं ती टिकवण्याची. २००० च्या डिसेंबरात हे दोन प्रश्न विचारले असते, तर चौथ्या पसंतीचा माणूस कदाचित पहिल्या पसंतीचा ठरला असता. आणि हे दोन प्रश्न फुटबॉलपुरते नाहीत. जिथे जिथे नावाजलेला माणूस आणून संस्था सावरायची घाई होते, तिथे तिथे ते विचारायला हवेत, कारण तिथे आधीपासून बसलेल्या विद्यार्थ्यांचा पहिला हक्क असतो.