एल निनो आणि आपली पेरणी



"यंदा एल निनो आहे, पाऊस कमी," अशी बातमी आली की पारावर चर्चा सुरू होते. बियाणं घ्यावं की थांबावं? म्हणून हा एल निनो काय आहे आणि त्यावर किती विसंबावं, ते आज पाहू.

आपलं हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हे गणिती त्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरच्या ठिकाणांच्या पावसाच्या, तापमानाच्या आणि हवेच्या दाबाच्या जुन्या नोंदी जमवल्या. तेव्हा संगणक नव्हते. सारी आकडेमोड माणसांनी हातानं केली. त्यातून एक मेळ दिसला. पॅसिफिक महासागराच्या पूर्वेला दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो उतरतो. तिकडे उतरला की इकडे चढतो. अगदी तराजूच्या पारड्यांसारखं. पुढं १९६९ साली याकोब ब्यर्कनेस यांनी याचा संबंध पॅसिफिकचं पाणी तापण्याशी जोडला. हे तापणं म्हणजेच एल निनो. आज उपग्रह आणि समुद्रातली तरंगती यंत्रं नोंदी पाठवतात, संगणक त्या पडताळतो.

पाणी तापलं की आपला पावसाळा बहुधा कमजोर होतो. १९७२, १९८७, २००२, २००९ आणि २०१५ साली तसंच झालं. पण १९९७ साली एल निनो फार जोराचा असूनही देशात पाऊस सरासरीइतका पडला. म्हणजे आकडे कल सांगतात, खात्री देत नाहीत. शिवाय तो अंदाज साऱ्या देशाचा असतो, तुमच्या शिवाराचा नव्हे.

मग करायचं काय?

१. एल निनोच्या वर्षी कोरडवाहू रानात एकाच पिकावर भिस्त ठेवू नका. सोयाबीनमध्ये तुरीचं आंतरपीक घ्या. लवकर येणारे वाण निवडा.

२. पहिल्या सरीला पेरू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेल्यावरच पेरा. दुबार पेरणीचं बियाणं उसनवारीवर आणावं लागतं, हे विसरू नका.

३. गावात पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून वहीत लिहा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. दहा-पंधरा वर्षांची अशी वही झाली, की पाऊस कधी उघडीप देतो ते तुमच्याच शिवारापुरतं कळू लागेल.

आजच्यापुरतं एवढंच. रामराम.